ह्रस्व चि., दीर्घ ची

मी लग्नपत्रिका जुळवते. म्हणजे लग्नं नाही, अक्षरं. केबिन रोडवरच्या एका छापखान्यातून मजकूर येतो आणि मी घरच्या कॉम्प्युटरवर तो नीट लावून देते. वर गणपती, खाली कुलदैवत, मग चि. आणि चि. सौ. कां., आणि तळाला ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. लोकांना ह्रस्वदीर्घाचं काही पडलेलं नसतं, मला असतं. ‘आशिर्वाद’ असं लिहून आलं की मी कुणालाही न विचारता ‘आशीर्वाद’ करून टाकते. आमचे हे म्हणतात, तुला कुणी सांगितलीय ही पोलिसगिरी? कुणी सांगायला कशाला हवं?

अलीकडे काम रोडावलं. आता लोक मोबाइलवर पत्रिकेचा व्हिडिओ बनवतात, त्यात नवरा-नवरी ढगांतून चालत येतात आणि ‘शुभविवाह’ चुकीचा लिहिलेला असतो. मी दिवसभर टेबलापाशी बसायची, पण काम तासाभराचंच. बाकीचा वेळ गॅलरीच्या ग्रिलमधून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघायचे.

आमच्याच मजल्यावर एक गुजराती बेन राहतात. त्यांनी फेंगशुईचा ऑनलाइन कोर्स केला आणि सरावासाठी त्यांना घरं हवी होती. पहिलं त्यांचं स्वतःचं झालं, दुसरं माझं. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी हो म्हटलं. त्या मोबाइलवरचं होकायंत्र पुढे धरून हॉलमध्ये फिरल्या आणि माझ्या खुर्चीपाशी थांबल्या.

“भाभी, आपकी पीठ दरवाजे की तरफ है.”

आमचे हे स्वयंपाकघरात चहा करत होते. त्यांनी आतून विचारलं, “कुठलं पीठ? गव्हाचं की ज्वारीचं?”

बेननी तिकडे लक्ष दिलं नाही. दाराला पाठ करून बसलं की येणारं काम तसंच परत जातं, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, माझं काम व्हॉट्सॅपवर येतं, दारातून नाही. त्यावर त्यांनी वर बोट दाखवलं. माझ्या डोक्यावर बीम होता. बीमखाली बसलं की डोक्यावर ओझं येतं म्हणे. इतकी वर्षं मी ते ओझं शुद्धलेखनाचं समजत होते.

मग त्या दिवाणापाशी आल्या. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला आमचा दिवाण होता. मुंबईतली चाळीतली खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो, तेव्हा सुताराने इथेच हॉलमध्ये बसून तो ठोकला होता. वन बीएचके म्हणजे आत आम्ही दोघं आणि बाहेर मुलगा. तो शाळेत जायला लागल्यापासून नोकरीला लागेपर्यंत त्याच दिवाणावर झोपला. पुढे त्याचे पाय बाहेर यायला लागले, तेव्हा पायथ्याशी स्टूल ठेवायला लागलो. सकाळी त्याला उठवल्याशिवाय हॉलमध्ये कुणाला बसता यायचं नाही. दूधवाल्याला दार उघडायचं तेसुद्धा त्याच्या पांघरुणाला वळसा घालून. आता तो कॅनडात आहे. गेल्यापासून एकदाही आलेला नाही. कधी रजा नसते, कधी कागदपत्रं अडकलेली असतात, कधी तिकिटं महाग असतात. दिवाणावरची चादर मात्र मी दर रविवारी बदलायची. कुणी झोपत नव्हतं, तरी बदलायची.

बेननी दिवाणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “इधर आपका ची, मतलब घर की एनर्जी, अटक गया है.”

मी सवयीने विचारलं, “ह्रस्व की दीर्घ?”

त्यांना कळेना. मग मी सांगितलं की आमच्या पत्रिकेतला चि. ह्रस्व असतो, पुढे टिंब असतं, आणि त्याचा अर्थ चिरंजीव, म्हणजे मुलगा. तुमचा ची दीर्घ दिसतोय. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

“भाभी, वही तो बोल रही हूँ,” त्या म्हणाल्या. “पश्चिम बच्चों की दिशा है. आपने उधर इतना भारी सामान रखा है. बेटा आएगा कैसे? रास्ता तो खोलो.”

दिवाण काढायचा, त्या भिंतीला पाठ टेकून माझी खुर्ची ठेवायची, पुढे टेबल, समोर दार. काम येईल, मुलगाही येईल. एका दगडात दोन पक्षी. मी हसून ‘बघू’ म्हटलं आणि त्यांना चहा दिला, पण त्या गेल्यावर मला कामात लक्ष लागेना. एका पत्रिकेत मी वराचं नाव वधूच्या जागी टाकलं.

आमचे हे म्हणाले, “वास्तुवाला आला तेव्हा त्याला दारातून घालवलंस. आता चीनचं ऐकणार? पोरगं विमानाने येतं, दिवाणाखालून नाही.”

ते बरोबरच बोलत होते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण मुलाला आणायचे विश्वासातले सगळे उपाय करून झाले होते. लाडू कुरिअर करून झाले, रुसून झालं, ‘तुझे बाबा थकलेत’ असंही सांगून झालं. अडला हरी म्हणतात ना, तसं झालं होतं माझं.

मी त्याला फोन केला. आधी हवेचं विचारलं, मग जेवणाचं, आणि मग जाता जाता सांगावं तसं म्हटलं, “अरे, ते टेबल जरा हलवायचं म्हणतेय. तुझा दिवाण मध्ये येतोय.”

“मग काढून टाक ना आई,” तो म्हणाला. “मी कधीपासून सांगतोय. तुला पाठ टेकायला भिंत मिळेल. खुर्चीही नवीन घे, मी पाठवतो ऑर्डर करून.”

इतकं चांगलं बोलला की मला वाईट वाटलं. माझा आहे तो, ठेव, मी आल्यावर कुठे झोपू, असं त्याने म्हणावं, थोडं भांडावं, अशी माझी इच्छा होती. लहानपणी त्या दिवाणावर पाहुण्यांची पोरं बसली तरी तो फुरंगटायचा. मी फोन ठेवला आणि यांना म्हटलं, बोलवा कुणाला तरी.

दिवाण दारातून जाईना. घरातच ठोकलेला, तो अख्खा बाहेर कसा जाणार? शेवटी दोघा माणसांनी त्याचे स्क्रू काढले, फळ्या सुट्या केल्या आणि जिन्याने खाली नेल्या. आतल्या कप्प्यातून गोधडी निघाली, कॅरमचा स्ट्रायकर निघाला आणि त्याचा एकच मोजा निघाला. खालची फरशी बाकीच्या हॉलपेक्षा उजळ होती. मी ती पुसायला बसले आणि पुसता पुसता रडले. यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांची समजूत घालायची ती पद्धत आहे.

बेननी स्वतः येऊन टेबल लावून दिलं. काचेच्या ग्लासात बांबूच्या तीन कांड्या, उजवीकडे दिवा, तारा सगळ्या मागे बांधलेल्या. खोटं का बोला, बसायला छान वाटलं. पाठ दुखायची थांबली. कामही थोडं वाढलं. पण ते फेंगशुईमुळे की तुळशीचं लग्न जवळ आलं म्हणून, ते देव जाणे.

एकच झालं. आता दार सतत माझ्या डोळ्यांसमोर. आमच्याकडे दिवसा आतलं दार उघडं आणि जाळीचं लावलेलं असतं. लिफ्ट थांबली की माझी मान वर व्हायची. पार्सलवाला, शेजारची मुलगी, भाजीची पिशवी घेऊन आमचे हे. पूर्वी पाठ असायची तेव्हा कोण आलं ते मला मागाहून कळायचं आणि त्यात काही वाटायचं नाही. आता प्रत्येक वेळी, तो नाही, असं कळायचं. रविवारी कपाटातून चादर काढायची आणि घालायची कुठे म्हणून पुन्हा आत ठेवायची.

आणि मग त्याचा फोन आला. डिसेंबरात येतोय. रजा मंजूर झाली, तिकीट काढलं. मी दोनदा विचारलं, खरं ना? यांनी फोन माझ्या हातातून घेतला, तिकिटाची तारीख विचारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. फेंगशुईने शब्द पाळला होता. मी शिरा करून बेनकडे स्वतः घेऊन गेले. त्या म्हणाल्या, “देखा भाभी, रास्ता खुल गया.” मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

त्या संध्याकाळी आम्ही माळ्यावरची गादी काढली. खुर्ची टेबलाखाली सरकवली की टेबल आणि टीव्हीच्या मधोमध ती बरोबर बसत होती. पायही बाहेर येणार नव्हते. मी झोपून बघितलं. हे म्हणाले, उशीला नवा अभ्रा शिव. मी शिवला.

पुढच्या रविवारी मी त्याला गादीचं सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “आई, हॉटेल बघितलंय मी. मीरा रोडलाच, हायवेजवळ. रिक्षाने फार लांब नाही.”

“हॉटेल कशाला?”

“अगं, मला रात्री इकडच्या लोकांशी मीटिंग असणार. तुमची झोपमोड नको. आणि आता हॉलमध्ये झोपायला कुठे आहे?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी म्हटलं, गादी आहे की. तो म्हणाला, “मग रोज तुझी खुर्ची सरकवा, परत लावा. नको आई. तुझं काम आता नीट चाललंय ना, चालू दे.”

माझ्या कामाची इतकी काळजी त्याला आजवर कधी वाटली नव्हती. मी लांबच्या पाहुण्यांना विचारते तेच विचारलं.

“जेवायला तरी येशील ना घरी?”

“येईन की. रोज येईन,” तो म्हणाला. “निघायच्या आधी फोन करत जाईन.”

मी बरं म्हटलं. आमच्या लॅचची एक चावी तो जाताना घेऊन गेला होता, ती अजून त्याच्याकडेच आहे. मी त्याला तिची आठवण करून दिली नाही.