थापाडे सरांची पाटी

माझ्या वडिलांना सगळी शाळा 'थापाडे सर' म्हणायची, आणि ते आमचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवताना त्यांनी एक पद्धत सोडली नाही. रोज तासाच्या सुरुवातीला फळ्यावर चार वाक्यं लिहायची, त्यातलं एक धडधडीत खोटं. कोणतं आणि का, ते मुलांनी शोधायचं. "छापलंय म्हणून खरं मानू नका, मी लिहिलंय म्हणून तर मुळीच नका," असं ते बजावत.

ही खोड घरापर्यंत आली होती. जेवताना बाबा गंभीर चेहऱ्याने काहीतरी ठोकून देत आणि आई मान वर न करता म्हणे, "थाप." तिचा नेम कधी चुकत नसे. मी मात्र चांगली दहा वर्षांची होईपर्यंत समजत होते, की आमचे आजोबा जहाजाचे कप्तान होते. ते पोस्टात शिक्के मारायचे.

मी दहावीत गेले त्या वर्षी बाबांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, आणि तीही दहा-पंधरा शब्दांत दमायची. दवाखान्यातल्या खाटेवर त्यांनी माझी लहानपणची पाटी मागवली आणि लिहिलं, 'मुळीच दुखत नाही.'

"थाप," आई म्हणाली आणि रडायला लागली.

मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या, हे मला आज कबूल करता येतं. तेव्हा त्यांचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "सर, निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत. ग्रंथालयात बसा निवांत. न बोलता वर्ग कसा सांभाळणार तुम्ही?"

बाबांनी पाटी ओढली. 'एक तास बघा. मग ठरवा.'

"आणि वर्ग ढेपाळला तर?"

'तर ग्रंथालय. पुन्हा विषय काढणार नाही.'

बाई गेल्यावर आई चिडली. "अहो, एवढा हट्ट कशाला? पुस्तकांतच तर बसायचंय!" बाबांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पुस्तकं हात वर करत नाहीत.' दुसऱ्या दिवशी आईने त्यांच्या सदऱ्यांना मोठे खिसे शिवून दिले, खडूंसाठी.

तो तास नेमका आमच्या वर्गाचा होता. माझ्यावर जुनीच बंदी होती. थाप कळली तरी हात वर करायचा नाही, नाहीतर मुलं म्हणतील हिला घरीच फुटतं. बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. बाबांनी इंग्लंडमधल्या पहिल्या कापडगिरण्यांबद्दल चार वाक्यं लिहिली, खडू खाली ठेवला आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

दुसरं वाक्य होतं, 'गिरण्यांत लहान मुलांना कामावर घेत नसत.' खोटं ते होतं. मला दिसत होतं, पण बाकीचे पुतळ्यासारखे बसले होते. बाई मागे बसलेल्या असताना चुकायचं कुणी? एक मिनिट गेलं, दोन गेली. बाईंचं पेन चालू लागलं. मी हात मांडीखाली दाबून धरला होता. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ना खूण केली, ना खडू उचलला.

शेवटी खिडकीजवळची एक मुलगी पुटपुटली, "सर, चौथं. विणकर स्वतःच यंत्रं कशाला फोडतील?"

"अगं, पोटावर पाय आला तर फोडणारच की!" मागून एकजण बोलला. "थाप दुसरी आहे. मुलं स्वस्तात मिळत असतील, तर मालक सोडतील होय?"

"पुरावा काय?"

बाबांनी फक्त पुस्तकाकडे बोट केलं. पानं फडफडली. कुणाला यंत्राखाली वाकलेल्या मुलांचं चित्र सापडलं, तर कुणी म्हणालं, चित्र खरं कशावरून? मग जो गोंधळ उडाला! अर्धा वर्ग उभा होता. बाबा स्टुलावर बसून, ज्याची पाळी त्याच्याकडे खडू रोखत होते. घंटा झालेली कुणाला ऐकूच आली नाही. बाई वही मिटून उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सर, शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत या."

त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही. मी घरी आले आणि आईला सगळं दोनदा सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती, पण दोरा ओवलेला नव्हता.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि पाटी घेतली. दोन वाक्यं लिहून आमच्यासमोर धरली.

'वर्ग माझ्याकडेच राहिला.'

'मला जराही भीती वाटली नव्हती.'

मग खाली बारीक अक्षरांत: 'यातली एक थाप. कोणती?'

मी तोंड उघडलं तसा आईने माझा हात घट्ट धरला. कधी न चुकणारी माझी आई बराच वेळ पाटीकडे बघत राहिली.

"दुसरी," ती म्हणाली. "दुसरी असू दे हो."

बाबांनी अंगठ्याने दुसरं वाक्य पुसलं. पहिलं तसंच ठेवलं.