आईला धरून की सोडून

आमच्याकडं लग्नाला येणार का, असं कुणाला विचारत नाहीत. पत्रिका द्यायची, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, "यायलाच लागतंय बघा" म्हणून दम द्यायचा आणि चहा पिऊन निघायचं. समोरचा "येतो की" म्हणतो. त्या "येतो की"ला काही अर्थ नसतो. येणाराही तेच म्हणतो, न येणाराही तेच म्हणतो. आचारी आपल्या अंदाजानं स्वयंपाक करतो आणि कोल्हापुरातल्या लग्नातून कुणी उपाशी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण माझी लेक पुण्यात नोकरीला, आणि लग्न तिचं. अन्न वाया जाता कामा नये, असं तिनं ठरवलं होतं. "आई, सगळ्यांना फोन करून किती जण येणार ते विचार. पुण्यात सगळे विचारतात."

"म्हणून तर इथं कुणी विचारत नाही," मी म्हटलं. पण लग्न ठरलेल्या पोरीपुढं आईचं काय चालतंय.

काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. ते सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फोन करायला बसले. फोन स्पीकरवर, आवाज कचेरीतला. "नमस्कार. विवाहास आपल्याकडून किती जण उपस्थित राहणार, ते कळवावं."

कुरुंदवाडचा त्यांचा चुलतभाऊ म्हणाला, "का? जागा न्हाय व्हय?" इचलकरंजीची नणंद म्हणाली, "दादा, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?" मग तिनं मला वेगळा फोन केला. "वैनी, खरं सांगा. लगीन मोडलंय का?" मी नाही म्हटलं तरी ती रडली. नवऱ्याला यातलं काही जाणवलं नाही. "प्रतिसाद चांगला आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या माहेरी फोन लावला.

माझं माहेर गगनबावड्याच्या अलीकडं. घरी थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि माझी आई. पहिली पत्रिका आम्ही त्यांनाच दिली होती, चूलबंद आवतान म्हणून. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला मांडवात यायचं. असं आवतान दिल्यावर माणसं मोजायची नसतात. मी स्वयंपाकघरातून हात पुसत धावत येईपर्यंत नवऱ्यानं किती जण ते विचारलंसुद्धा होतं. आणि भाऊ काही बोलायच्या आत, आकडा पक्का असावा म्हणून, पुढचंही विचारलं.

"आईंना धरून की सोडून?"

पलीकडं एक म्हैस ओरडलेली ऐकू आली. मग फोन बंद झाला.

"रेंज गेली वाटतं," नवरा म्हणाला.

माझं पित्त असं खवळलं की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते संध्याकाळी कळलं. तोवर मी माहेरी चारदा फोन केला होता. भाऊ उचलेना. शेवटी वहिनीनं उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ते म्हणत्यात, मोजून जेवायला आमी यायचो न्हाय."

आता, आमच्यात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या लेकीला मामा एकच. तो आला नाही, तर तिच्या पाठीमागं कुणाला उभं करायचं? आणि माझं काय? वडील गेल्यापासून माहेर म्हणजे तेवढंच घर. ते तुटलं तर मी कुठं जायचं? लेकीनं पुण्याहून फोनवर "आई, मामा येईल ना?" विचारलं, तेव्हा मी "येतो की" म्हटलं. आमच्या "येतो की"ची किंमत तिला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी मी पत्रिका, कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची पुडी पिशवीत घातली आणि रंकाळा स्टँडवरून एसटी धरली. नवरा म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, तुम्ही उपकार करा, घरीच बसा. उसाच्या ट्रॉल्या पुढं असल्यामुळं गाडी कळे गावापर्यंत रांगत गेली. भावाशी काय बोलायचं ते मी ठरवत होते आणि दर ट्रॉलीमागं विसरत होते.

भाऊ घराच्या पुढच्या सोप्यात औषध फवारायचा पंप खोलून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आत बघून हाक मारली, "पावणं आल्यात. पाणी आणा."

सख्ख्या भावानं मला पावणं म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, पण राग त्याच्या आधी आला.

"किती जण आल्यात म्हणून सांगू आत?" तो म्हणाला.

"दादा, पुरं कर. त्यांचं चुकलं. कचेरीत आयुष्य गेलंय त्यांचं, माणसांशी बोलायची सवय न्हाय."

"माणसं मोजली, ते जाऊ दे. आईला सोडून म्हणतोय त्यो. जित्या माणसाला सोडून?"

"तूच म्हणालास की, पत्रिका द्यायला आलो तेव्हा. आईला गाडी लागती, आई काय यायची न्हाय म्हणून."

"मी म्हटलं तर चालतंय. पावण्यानं म्हणायचं न्हाय."

तो पंपाचा वायसर पुसत बसला. मी पाणी प्याले. मग आतल्या खोलीच्या दारातून आई म्हणाली, "मला कुणी इचारलंय का?"

ती उंबऱ्याजवळच्या कॉटवर बसलेली. सगळं ऐकत होती. चूलबंद म्हणजे त्यात आई आलीच, असं मी धरलं होतं. गाडी लागते म्हणजे ती येणार नाही, असंही मी धरलं होतं. दोन्ही धरलं होतं, आणि तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं. पत्रिका दिली त्या दिवशी ती आत झोपली होती आणि कुणी तिला उठवलं नव्हतं.

मी तिच्यापुढं खाली बसले. कुंकवाचं बोट घेऊन जरा थांबले, कारण वडील गेल्यापासून तिला कुणी कुंकू लावत नव्हतं. तिनंच कपाळ पुढं केलं. मी लावलं. तिच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि जे आमच्यात कुणाला विचारत नाहीत, ते विचारलं.

"आई, नातीच्या लग्नाला येतीस न्हवं?"

तिनं अक्षतांची मूठ मिटली. "गाडी लागती मला."

"व्हय."

"गुडघं दुखत्यात."

"व्हय."

"येतो," ती म्हणाली. "माझं एक ताट धर. ह्यास्नी ह्यांचं इचार."

भावानं पंपाचं झाकण लावलं. आत वहिनीला म्हणाला, "मग त्या दिवशी चूल बंदच ठेव." मी निघाले तसा तो एसटीपर्यंत सोडायला आला आणि लग्नासाठी म्हणून तांदळाचं पोतं ड्रायव्हरच्या मागं ठेवून गेला.

लग्नाला ते जीप करून आले, सगळे. गाडी लागू नये म्हणून आईनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. मुठीत लिंबू होतं. नवरा सासूपुढं झाला. "आलासा मामी?"

"पावणं, मला धरलंय न्हवं?" आईनं विचारलं.

"धरलंय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच कचेरीच्या आवाजात म्हणाले नाहीत.

भाऊ लेकीच्या पाठीशी छाती काढून उभा राहिला. ज्यांनी फोनवर येणार म्हणून सांगितलं होतं, त्यातले बरेच आले नाहीत, आणि नाही म्हणालेले आले. आचाऱ्यानं आमचा आकडा नीट ऐकून घेतला होता आणि स्वयंपाक आपल्या अंदाजानं केला होता. तो पुरला.

आईला पंगतीत बसवता येईना, म्हणून खुर्चीवरच ताट दिलं. तिनं दोन घास भात खाल्ला, तांबड्या रश्श्याला नुसतं बोट लावलं आणि बास म्हणाली. परत गाडीत बसायचं होतं. लेक नवी साडी सावरत लांबून बघत होती, ताटात किती उरलंय ते. मी ते ताट उचललं आणि तिथंच उभी राहून संपवलं. माझं लग्न झाल्यापासून मी आईच्या ताटात जेवले नव्हते.