अंडं की केळं

लताबाईंचा मला आधी रागच यायचा. असोद्याजवळच्या आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी ही बाई दर बुधवारी अंडी उकडताना पदर नाकाला लावायची, आणि त्या पातेल्याला दुसरं भांडं लागू द्यायची नाही. "अंडंच आहे, बॉम्ब नाही," असं मी एकदा वैतागून म्हणाले. "आमच्यात चालत नाई मॅडम," एवढंच उत्तर.

त्यांची नात डिंपल माझ्याच वर्गात, पाचवीत. आरोग्य तपासणीत तिचं वजन भरलं एकवीस किलो. डॉक्टर म्हणाले, पोरीच्या पोटात डाळ, दूध, अंडं असं काहीतरी जाऊ द्या. आता अंडं शाळेतच मिळत होतं. पण पालकांच्या फॉर्मवर 'अंडं की केळं' या प्रश्नापुढे तिच्या आजोबांनी, तोताराम नानांनी, केळ्यावर अशी ठसठशीत खूण केली होती की कागद फाटायचाच राहिला. नानांची केळीची बाग, घरात सदा घड टांगलेले. पोरीला केळ्याचा उबग येणार नाही तर काय! शाळेचं केळं ती शेळीला घालायची आणि केळेवाल्यांच्या रांगेत कोपऱ्यात बसून खिचडीही अर्धी टाकायची. मी नानांना दोनदा समजवायला गेले. "केयी खाऊन आमच्या चार पिढ्या वाढल्या," हे भाषण दोन्ही वेळा ऐकून परत आले.

दिवाळीनंतर एका बुधवारी डिंपल अंडेवाल्यांच्या रांगेत दिसली. मैत्रिणींशी बडबड चाललेली, हातात सोललेलं अंडं, ताटली चाटूनपुसून साफ. मी लताबाईंकडे बघितलं.

"मीच सोललं," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे मैत्रिणीत बसली की तिले भूक लागते, आता रोज तिकडेच बसवीन. घरी सांगू नका."

मी शब्द दिला. तिथंच चुकलं.

कारण फेब्रुवारीत वजन चोवीस भरलं आणि नाना केळ्याची कमाल गावभर सांगत सुटले. पालकसभेत तर उभेच राहिले. "अंडी बंद करा. सगय्या पोरायले केयी द्या. माह्या नातीकडे पाहा!" आणि लोक चक्क माना डोलवायला लागले. ज्यांची पोरं बुधवारची वाट बघतात, तेसुद्धा! माझं डोकं सणकलं, पण दिलेल्या शब्दानं तोंड बांधलेलं.

लताबाई दाराशी उभ्या होत्या. नवऱ्यासमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर त्या पुढं आल्या.

"केयी नाई खाल्ली तिनं. अंडं खाल्लं. दर बुधवारी, मी माह्या हातानं सोललं."

नानांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. "अन् त्याच हातानं घरात सैपाक करते?"

"करते. तुमची भाकर बी त्याच हातानं थापते. चार महिने झाले."

अंडी बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. नाना मात्र तेव्हापासून भावाकडे जेवतात. एका उकडलेल्या अंड्यापायी चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोची ताटं वेगळी व्हावीत, याचा मला भयंकर संताप येतो. परवा तो लताबाईंसमोरच बाहेर पडला. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी जेवते ना, मॅडम? मंग झालं."