नळीला हात लावायचा नाही

आंब्यावरून पडलो तेव्हा हातात फळं उतरवायचा झेला होता आणि खाली चार गडी उभे होते. त्यांतला कोणीही चढला असता. पण शेंड्याचे हापूस मीच उतरवणार, हा माझा हट्ट. छातीच्या वरच्या बाजूला मणका मोडला. हात राहिले, जीभही राहिली. छातीखालचं शरीर मात्र तेव्हापासून मला काही कळवत नाही.

सुरुवातीला खुर्चीत बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पायांतल्या रक्तवाहिन्या आवळायचा मेंदूचा हुकूम आता खाली पोचत नाही, रक्त पायांतच साचतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग थोरला दादा मला आडवा करून पाय उशीवर ठेवायचा. घरात तोच कायदा झाला: याला काही झालं की आडवा करा.

डॉक्टरांनी याच्या उलट प्रकारही बजावला होता, पण तो ऐकायला बायको एकटी होती. खाली काही टोचलं, तुंबलं तर मला कळणार नाही. खालच्या नसांना कळेल आणि त्या रक्तवाहिन्या आवळत सुटतील. डोकं ठणकलं, घाम फुटला तर लगेच बसवा, लघवीची नळी बघा. नाहीतर दाब वाढून डोक्यातली शीर फुटेल.

म्हणून ती दर दोन तासांनी नळी बघायची. गडी असोत, पाहुणे असोत, लुंगी सारून बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा मी. गेल्या हंगामात एका सकाळी तिच्यावर खेकसलो, "चारचौघांत नळीला हात लावायचा नाही." ती आत गेली आणि दुपारपर्यंत नळी बघायला फिरकली नाही.

पडवीत पेट्या भरणं चाललं होतं. मी पेटी मांडीवर घेतली, पेंढा पसरला, आंबे लावायला लागलो. बऱ्याच दिवसांनी कामाचा माणूस झाल्यासारखं वाटत होतं. दुपारकडे डोकं ठणकू लागलं. तोंडावरून घामाच्या धारा.

दादा म्हणाला, "पित्त उसळलंय त्याचं. आडवा करा. नि आमसुलाचं सरबत आणा कोणीतरी."

गड्यांनी बाकावर आडवं केलं. ठणका दुप्पट झाला. ठणका वाढतोय हे मला सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. खरं सांगतो, मी फार घाबरलो.

बायको सरबत घेऊन आली. माझं लाल तोंड पाहून तिने भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत दादापुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता.

"भाऊजी, बसवा त्यांना."

"अगो, चक्कर येईल त्याला."

"येऊ दे. आधी बसवा. पाय खाली सोडा."

मला टेकवून बसवलं. सगळ्या गड्यांदेखत तिने लुंगी वर सारली, पेंढा झटकला. पेटीच्या कडेने नळी दुमडून मांडीखाली गेली होती. लघवीची पिशवी कोरडी. तिने नळी सोडवली तशी पिशवी भरू लागली आणि हळूहळू ठणका उतरला. तोवर तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. नाडी फार सावकाश चालली होती, असं ती नंतर म्हणाली.

त्याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं. दाब वाढलाय हे मेंदूला कळलं होतं. वाहिन्या सैल करायचा त्याचा हुकूम मणक्यात अडकला. पण हृदयाकडे जाणारी एक नस मणक्याच्या बाहेरून, गळ्यातून उतरते. ती शाबूत होती. तिच्यावाटे मेंदू हृदयाला एवढंच सांगत राहिला, सावकाश चाल. म्हणजे शरीर मला वाचवत होतं आणि मारत होतो मी.

यंदा पेटी स्टुलावर असते. दोन तास झाले की, ती विसरणार नाही हे माहीत असूनही, मीच भरल्या पडवीतून हाक मारतो, "अगो, नळी बघ."

पहिल्यांदा मारली तेव्हा ती दारातच थांबली. "चारचौघांत?"

म्हटलं, "चारचौघांतच."