काट्याची थरथर

पेंटरनं ब्रश खाली ठेवून बरीच वर्षं झाली, तरी त्याला सगळे पेंटरच म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा मूळ धंदा. अक्षर असं काढायचा, की ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा दोन घटका उभा राहून बघत बसायचा. पुढं छापील फलकांचे दिवस आले. ज्या पाटीला त्याला चार दिवस लागायचे, ती यंत्रातून अर्ध्या तासात गुंडाळी होऊन बाहेर पडू लागली. पेंटर रिकामा झाला. मेहुण्याकडं एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, तो त्यानं सायकलला बांधून घरी आणला. घरात बिनकामाचा एक आधीच आहे, त्याला सोबत आणलीत का, असं बायकोनं विचारलं. पेंटरला आयुष्यात बहुतेक उत्तरं उशिराच सुचली.

त्या कॉम्प्युटरवर तो एक स्क्रिप्टची भाषा शिकला. कुणी शिकवली नाही. लिहावं, लगेच चालवून बघावं, चुकलं तर ती भाषा तोंडावर चूक सांगायची आणि रुसून बसायची नाही. पेंटरला हे मानवलं. रंगाचंही तसंच असतं, लावला की दिसतो. त्या भाषेबरोबर स्क्रीनवर ठेवायचे तयार तुकडे मिळायचे : बटण, चौकट, सरकपट्टी, यादी. त्यांना विजेट म्हणतात. सगळी करडी, सगळी चौकोनी, एकाच आईची लेकरं. पेंटरचं मन त्यांच्यावर बसेना. मग एके दिवशी त्याला कळलं, की याच भाषेत एक कोरा कॅनव्हासही आहे. त्यावर रेघ ओढता येते, कमान काढता येते, आणि माउस लागला तर त्या रेघेनं काय करायचं हेही आपल्याच हातानं लिहिता येतं. म्हणजे स्वतःचं विजेट स्वतः घडवायचं. पेंटरला त्या दिवशी त्याची हरवलेली भिंत परत मिळाली.

पहिलं मोठं काम मिळालं ते अंडी उबवण्याच्या केंद्रात. एका लांबट खोलीत माणसाच्या उंचीची तीन लाकडी कपाटं, आत जाळीच्या ताटल्या, ताटल्यांत अंडी, वर हळू फिरणारा पंखा. एकवीस दिवस ऊब द्यायची, की पिल्लू बाहेर. ऊब अर्ध्या अंशानं चुकली तरी पिल्लू लंगडं निघतं, दोन-तीन अंशांनी चुकली तर निघतच नाही. ही ऊब सांभाळायला तिथं सव्वीस वर्षं एकच माणूस होता. ते कपाटाचं दार उघडायचे, एक अंडं उचलायचे, आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचे. पापणीची कातडी पातळ, तिला खोटं सांगता येत नाही. क्षणभर थांबून म्हणायचे, थोडी चढलीय, किंवा, बरोबर आहे. म्हणून त्यांचं नाव पापणीकाका. त्यांच्या हातून एकही खेप वाया गेली नव्हती. ही एकच गोष्ट ते स्वतःबद्दल सांगायचे, आणि तीही कुणी विचारली तरच.

मालकीणबाई हिशोबी आणि सरळ बोलणाऱ्या. दार सारखं उघडल्यानं ऊब बाहेर जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी प्रत्येक कपाटात ऊब मोजणारी तार बसवून घेतली, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवला, आणि पेंटरला सांगितलं, की ऊब स्क्रीनवर दिसली पाहिजे आणि हीटर आपोआप चालू-बंद झाला पाहिजे.

पेंटरनं तीन तबकड्या काढल्या. अंड्याच्या कवचासारखा पांढरा रंग, केसाएवढ्या बारीक खुणा, आकडे त्याच्या स्वतःच्या वळणाचे, आणि काटा गडद लाल, टोकाकडं निमुळता होत गेलेला. पिल्लं न्यायला आलेली माणसं पिल्लं सोडून तबकड्या बघत. पेंटर कोपऱ्यात उभा राहून त्यांची तोंडं बघे.

अडचण एवढीच, की तारेकडून येणारा आकडा एका जागी ठरत नसे. पंखा फिरला की तो वर-खाली होई, आणि काटा उचकी लागल्यासारखा उडे. पेंटरला ते कुरूप वाटलं. त्यानं मागच्या वीस आकड्यांची सरासरी काढून काट्याला दिली. काटा शांत झाला. कधी एखादा आकडा आलाच नाही तर काटा धाडकन शून्यावर पडायचा, तेही त्याला खटकलं. आकडा आला नाही तर मागचाच धरून बसायचं, असं त्यानं तबकडीला शिकवलं. आणि हीटर चालवणारा भागही ऊब किती ते तबकडीलाच विचारू लागला. एवढी देखणी तबकडी समोर असताना तारेपर्यंत जायचं कशाला, असा त्याचा हिशोब.

पापणीकाका आले, खुर्चीत न बसता बराच वेळ बघत राहिले.

"काटा मेलाय तुझा," ते म्हणाले.

"मेला नाही काका, स्थिर आहे. बरोबर जागी आहे."

"बरोबर जागी तर मेलेला माणूसही पडून असतो. चालू यंत्राचा काटा थरथरतो, पेंटर. थरथरला की समजायचं, आत काहीतरी जितं आहे."

पेंटरला हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. पण काकांनी नाही म्हटलं तर मालकीणबाईही नाही म्हणतील, हे त्याला ठाऊक होतं. आणि घोटून गुळगुळीत केलेली चाल परत बिघडवायला त्याचा हात वळेना. म्हणून त्यानं दोन ओळी लिहिल्या. दर अर्ध्या सेकंदाला काटा एक केसभर इकडं किंवा तिकडं सरकवायचा, मनाला येईल तसा. तारेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका बघून खूश झाले. आता जीव आला म्हणाले. पेंटरनं हे घरी हसत हसत सांगितलं. बायको भांडी पुसत होती, ती थांबली.

"म्हणजे म्हाताऱ्याला फसवलंत."

"फसवलं नाही. समजूत काढली."

"दोन्हीला हात एकच लागतो," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं घेतलं.

पहिले चार महिने काका पापणीनंही बघायचे आणि काट्यावरही. दोन्ही जुळायचं. मग दार उघडायचं त्यांनी हळूहळू कमी केलं. मालकीणबाईंचा नियमच होता तो, पण काकांनी तो नियमापोटी पाळला नाही, विश्वासापोटी पाळला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, की पेंटरचा काटा माझ्या पापणीचा धाकटा भाऊ आहे. ते ऐकून पेंटरची छाती दोन बोटं फुगायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी मधल्या कपाटातल्या तारेचा स्क्रू पंख्याच्या हादऱ्यांनी ढिला झाला आणि तार निसटली. खेपेचा विसावा दिवस होता, बाराशे अंडी. तार निसटली तेव्हा काटा ठरलेल्या खुणेच्या जरासा खाली होता. तबकडीनं तोच आकडा धरून ठेवला. हीटरनं तबकडीला विचारलं, तबकडी म्हणाली ऊब थोडी कमी आहे, म्हणून हीटर चालू राहिला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. काटा मात्र केसभर इकडं, केसभर तिकडं, छान थरथरत होता.

काका दर तासाला स्क्रीनपाशी आले. काटा बघितला, वहीत आकडा लिहिला. सहा वेळा आले, सहा वेळा लिहिला. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी ते कपाट उघडलं, कारण विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला की आतून बारीक चिवचिव ऐकू येते, आणि ती ऐकल्याशिवाय ते घरी जात नसत. दार उघडताच भट्टीसारखी झळ तोंडावर आली. त्यांनी एक अंडं कानाशी नेलं. मग दुसरं. मग ताटल्यांमागून ताटल्या काढून जमिनीवर मांडल्या आणि गुडघ्यांवर बसून एकेक अंडं कानाशी लावत राहिले. पेंटरला बोलावणं गेलं आणि तो पोहोचला, तेव्हाही ते तसेच बसले होते.

निसटलेली तार पेंटरला पाच मिनिटांत सापडली. त्यानंतर सगळंच त्याच्या लक्षात आलं, एकदम, जसं चुकलेलं अक्षर पाटी टांगल्यावर दिसतं. त्यानं स्क्रू आवळला.

पुढच्या खोलीत मालकीणबाई वही उघडून उभ्या होत्या.

"सहा तासांत सहा आकडे, आणि सगळे बरोबर," त्या म्हणाल्या. "आत अंडी शिजत होती, काका. तुम्ही न बघता लिहिलंत."

"बघितलं होतं बाई. काटा हलत होता."

मालकीणबाईंनी पेंटरकडं बघितलं. यंत्रात काही बिघाड होता का, असं त्यांनी सरळ विचारलं. खोलीत तिघंच होती. पेंटरच्या जिभेवर शब्द आले होते. पण पाट्या गेल्यानंतरचा रिकामपणा त्याला आठवला, बायकोचं तोंड आठवलं, आणि खरं सांगायचं तर या दोन्हींच्या आधी त्याला त्या तबकड्या आठवल्या. पोटाचं निमित्त होतं, दुखणं अभिमानाचं होतं.

"मला तरी काही दिसलं नाही," तो म्हणाला.

काका त्याच्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे. आपण काही चुकीचं ऐकलं का, असं माणूस बघतो तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरनं त्या दोन ओळी खोडल्या. आकडा आला नाही तर तबकडी काळी पडेल आणि हीटर बंद होईल, अशी नवी तजवीज केली. ते स्क्रिप्ट वाचू शकणारा दुसरा माणूस त्या केंद्रात नव्हता. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

काकांना ताटल्या धुवायच्या कामावर लावलं. महिनाभर त्यांनी त्या धुतल्या. मग एके दिवशी स्वतःच म्हणाले, की वय झालं, डोळ्यांचा भरवसा नाही, बघितलंसं वाटतं आणि बघितलेलं नसतं. जाताना पेंटरपाशी आले.

"तुझ्या काट्याला माझ्यामुळं बट्टा लागला," म्हणाले. "मनात ठेवू नकोस."

पेंटरनं मान हलवली. त्या मान हलवण्याला नऊ वर्षं झाली. त्यानं पुढं दवाखान्यासाठी, पाणीपुरवठ्यासाठी, कितीतरी ठिकाणी स्क्रीन केल्या. काका रस्त्यात लांबून दिसले की तो गल्ली बदलायचा. मग काका दिसेनासे झाले, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं, त्याचीही त्याला लाज वाटली.

नवव्या वर्षी काकांची लेक त्याच्या दारात आली. तिला एक लहानशी पाटी हवी होती, हातानं रंगवलेली, मोठ्या अक्षरांत. छापणारे एवढी लहान करत नाहीत म्हणाली. काय लिहायचं, ते पेंटरनं विचारलं.

"गॅसला हात लावू नये. बाबांसाठी."

काका फार विसरायला लागलेत का, असं पेंटरनं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"विसरत काही नाहीत, दादा. अजून सगळ्यांचे वाढदिवस सांगतात. पण भरवसा कसा ठेवायचा? त्या अंड्यांच्या वेळी न बघता बघितलं म्हणाले ना. तेव्हापासून आम्ही गॅस त्यांना देत नाही, किल्ली देत नाही. बाळ झाल्यावर बाळही एकट्याच्या हातात दिलं नाही. तेसुद्धा मागत नाहीत. पण परवा स्वयंपाकघरात उभे दिसले, म्हणून आपली पाटी."

पेंटरनं पाटी रंगवली नाही. दोन दिवस ती कोरी भिंतीला टेकून उभी होती. बायकोनं ती बघितली, त्याच्याकडं बघितलं, आणि म्हणाली, आता तरी जा.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. काका खिडकीपाशी बसले होते, वाळले होते, पण नजर स्वच्छ होती. पेंटरला त्यांनी पाऊल वाजताच ओळखलं. पेंटर बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं : निसटलेली तार, धरून ठेवलेला आकडा, दोन ओळी, आणि मालकीणबाईंना दिलेलं उत्तर. स्क्रिप्टमधलं काही काकांना कळणारं नव्हतं, तरी तो ओळ न् ओळ सांगत गेला, कारण माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं.

काका खिडकीकडून त्याच्याकडं वळले.

"म्हणजे ते थरथरणं तू काढलेलं होतंस. चित्र."

"हो काका."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही म्हणालात म्हणून."

"आणि मी बघितलं होतं. त्या दिवशी सहाही वेळा बघितलं होतं."

"बघितलं होतं."

काकांनी डोळे मिटले. पेंटर वाट बघत राहिला, शिवीची, हाताची, कशाचीही. काका म्हणाले, "मला कशाला सांगतोस? तिला सांग."

लेक दारातच उभी होती. तिला पुन्हा सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांत आपणही काय काय केलं, ते ती मनात मोजत असावी. मग ती वडिलांजवळ आली, त्यांना हात धरून उठवलं, स्वयंपाकघरात नेलं आणि लायटर त्यांच्या हातात दिला.

"बाबा, आज चहा तुम्ही ठेवा."

काकांनी भांड्यात पाणी घेतलं. लायटर दोनदा दाबला, तिसऱ्यांदा गॅस पेटला. भांडं वर ठेवलं. ज्योत निळी होती, स्पष्ट होती, दारातून पेंटरलाही दिसत होती. काका वाकून तिच्याकडं बघत राहिले. तळहात जवळ नेला, मागं घेतला.

"पेटलाय का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा ना, बाबा."

"दिसतोय तसा," काका म्हणाले. "पण तू एकदा बघून जा."