शेपटीवाली टोपी

टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या सामाईक जागेत, लोक टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात. एक चिनी अंकल मात्र शेजारच्या खुर्चीवर शेपटीवाली केसाळ टोपी ठेवत. समोर फोनवर वसाहतकाळातल्या अमेरिकन जंगलातली जुनी मालिका, तिच्या नायकाच्या डोक्यावर तशीच टोपी; तीही थांबवलेली.

“अंकल, इथे बसू?” मी घाईत विचारलं.

“नो लाह, बायकोची जागा. मालिकेत किल्ल्याला वेढा पडला आणि ही गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली! एकट्याने पुढे बघितलं तर मलाच गोळी घालेल.”

मला अर्धवट कामं सहन होत नाहीत. रोज जाताना विचारायची, “वेढा उठला?” ते नकारार्थी मान हलवायचे.

आज टोपी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आजींच्या डोक्यावर होती आणि फोनवर मालिका चालू होती. अंकलनी ओठांवर बोट ठेवलं. मी कॉफी घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले. ऑफिसला उशीर झाला, पण किल्ला वाचला.