हजार वॉटचा जडशीळ डबा

सांगितलेल्या किमतीत वस्तू घेऊन घरी येणारा माणूस मला थोडा आजारी वाटतो.

दुकानदार पहिला आकडा सांगतो तो बोलणं सुरू करायला सांगतो, अशी माझी समजूत आहे आणि तिच्यावरच माझा संसार उभा आहे. मी गोखिवऱ्याला राहतो, लग्नाकार्यात साउंड लावतो. भाड्याच्या एका माइकवर धंदा सुरू केला, आज टेम्पो माझा, स्पीकर माझे, जनरेटर माझा. जनरेटर विकणारा तर शेवटी हात जोडून म्हणाला होता, "घेऊन जा, पण परत माझ्याकडे येऊ नका."

अशा माणसाच्या मुलीने, मला न विचारता, मोबाइलवरून कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड मागवलं. आणि दाखवलेली किंमत भरली. पूर्ण!

"पप्पा, तिथे भाव करता येत नाही," प्रणाली म्हणाली.

"कुणाचा तरी फोन नंबर असेल ना?"

"नसतो."

"म्हणजे लपून धंदा करतात."

ही जखम माझी अजून भरलेली नाही. पण त्या वेळी मी गप्प बसलो, कारण काम मोठं होतं. राजोडीच्या इनास अंकल आणि रोझी आंटींच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, त्यानंतर हॉलमध्ये कार्यक्रम. साउंड माझा होता आणि फिल्म प्रणालीची. जुने फोटो, अंकल-आंटींच्या, मुलांच्या आणि नातवंडांच्या मुलाखती, मागे गाणी. तिचं हे पहिलंच बाहेरचं काम. अंकलनी तर अर्ध्या राजोडीला सांगून ठेवलं होतं की आमच्यावर पिक्चर निघालाय. जुन्या कॉम्प्युटरला ती फिल्म झेपत नव्हती, म्हणून ते कार्ड. आणि कार्ड आल्यावर कळलं की आतला पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, त्याला पुरणार नाही.

"साडेसहाशे वॉटचा लागेल," प्रणालीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हा चांगल्या कंपनीचा आहे. पाच वर्षांची वॉरंटी."

किंमत बघून मी चहाचा कप खाली ठेवला. "ह्याच्या अर्ध्यात मी हजार वॉटचा आणतो."

"पप्पा, डब्यावर किती वॉट लिहिलेत त्याला अर्थ नसतो. बारा व्होल्टच्या लाइनवर तो खरंच किती करंट देतो ते बघायचं. स्टिकरवर लिहिलेलं असतं."

"मला करंट शिकवतेस? तुझी फी करंटवरच भरली."

(हे वाक्य आमच्या घरात वरचेवर ऐकू येतं. करंटच्या जागी गरजेप्रमाणे टेम्पो किंवा जनरेटर येतो.)

शुक्रवारी मी टेम्पो घेऊन नालासोपाऱ्याला गेलो. स्टेशनजवळ एका गल्लीत कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार तरुण, पण तोंडावरून पक्का. त्याने आधी प्रणालीने दाखवला होता नेमका तोच साडेसहाशेचा सप्लाय काढला.

"ह्यात भाव नाही होणार, अंकल."

"मग कशात होईल?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि खालच्या फळीवरून दुसरा डबा काढला. काळाकुट्ट, वर लाल पंखा, बाजूला भल्यामोठ्या अक्षरांत एक हजार वॉट. "ह्यात होईल."

मी दोन्ही हातांत दोन्ही सप्लाय घेतले. आमच्या धंद्यात ॲम्प्लिफायर घेताना आधी उचलून बघतात. हाताला जड लागला की समजायचं, आतला ट्रान्सफॉर्मर मोठा आहे, तांबं भरपूर आहे, रात्रभर वाजवला तरी दमणार नाही. हलका असेल तर परत ठेवायचा. ह्या हिशेबाने मी आजवर कधी फसलो नाही. साडेसहाशेवाला हाताला बरा लागला. हजारवाल्याने मनगट खाली नेलं.

"मला कोण समजलास तू?" मी म्हटलं. "हलका माल महाग सांगतोस आणि जड माल खाली लपवतोस?"

"तुम्हाला कळतं अंकल, त्याला कोण काय करणार?"

मग मी त्याला सोललं. दोनदा दुकानाबाहेर पडलो, दोनदा त्याने हाक मारली. शेवटी प्रणालीच्या किमतीच्या अर्ध्याहून खाली आणला, वर एक जोडवायर आणि माउसखाली ठेवायचं पॅड फुकट घेतलं. निघताना तो हसून मला नमस्कार करत होता. तिथेच मला संशय यायला हवा होता. माझ्याशी व्यवहार झाल्यावर माणसं हसत नाहीत.

घरी प्रणालीने डबा फिरवून फिरवून पाहिला. "पप्पा, स्टिकरवर बारा व्होल्टचा आकडाच नाही."

"हजार लिहिलंय ते दिसत नाही?"

"कार्डाला आठ पिनांची वायर लागते, ती पण नाही ह्याला."

"म्हणून जोडवायर आणली. फुकट."

"म्हणूनच भीती वाटते."

"उचलून बघ आधी."

तिने उचलला. "जड आहे."

"मग?"

"मग काही नाही. जड आहे एवढंच म्हणतेय."

तिने तो बसवला. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला, पंखा लाल उजळला आणि मी सोफ्यावर असा बसलो की बायकोने विचारलं, "कुणाला हरवून आलात?" मी तिला नालासोपाऱ्याची सगळी लढाई सांगितली. मग शेजाऱ्यांना सांगितली. मग इनास अंकलना फोन करून सांगितली. ते म्हणाले, "बरं बरं, पण पिक्चर लागेल ना?"

"अंकल, हजार वॉट आहेत!"

शनिवारी सकाळी फिल्म जोडून झाली. आता ती पक्की करून एका फाइलमध्ये काढायची, म्हणजे झालं. प्रणालीने बटण दाबलं. स्क्रीनवरची पट्टी थोडी पुढे सरकली आणि कॉम्प्युटर फट्‌ करून बंद पडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा पट्टी, पुन्हा फट्‌.

"पप्पा, कार्डावर लोड आला की सप्लाय दम सोडतोय."

"सप्लाय नाही. लाइट कमी येतेय." एवढी जड वस्तू दम सोडेल हे मला पटेना. मी घरातले पंखे बंद केले. टीव्ही बंद केला. पट्टी सरकली, फट्‌. मी फ्रिजची पिन काढली.

"अहो, त्यात उद्याची पापलेटं आहेत," बायको म्हणाली.

"मुलीचं पहिलं काम मोठं की पापलेट?"

"काम मोठं. पण पापलेट वास मारतं."

फ्रिज बंद असतानाही फट्‌ झालं. बायकोने एक शब्द न बोलता रविवारचं कालवण शनिवारीच चढवलं. तिचा न बोललेला शब्द भांड्यांतून ऐकू येत होता.

आता माझं डोकं फिरलं. मी खाली गेलो, टेम्पोतला जनरेटर सोसायटीच्या आवारात उतरवला, वायर तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून आत घेतली आणि मशीन सुरू केलं. "ह्याच्यावर अख्खी वरात नाचते," मी वर ओरडलो. "तुझा कॉम्प्युटर का नाचणार नाही?"

धूर पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींच्या घरात शिरला. ते बनियनवर बाहेर आले. "लग्न कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. कॉम्प्युटर चालवतोय."

त्यांनी वर खिडकीपर्यंत गेलेली वायर बघितली. "वहिनी घरी आहेत का? मला त्यांच्याशी बोलायचंय."

तेवढ्यात वरून प्रणाली वाकून म्हणाली, "पप्पा, परत बंद. आणि आता जळल्याचा वास येतोय."

मी वर आलो, पिन काढली, सप्लाय बाहेर घेतला आणि थोडा निवल्यावर त्याचे स्क्रू खोलले. आत बघितलं आणि खाली बसलो. एवढीशी सर्किटची पाटी, दोन बोटांएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि तळाला डिंकाने चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी. वायर नाही, स्क्रू नाही, कशालाही न जोडलेली. नुसतं वजन. माझ्यासारखा कुणीतरी येईल आणि हातात धरून बघेल, एवढ्यासाठी कारखान्यात बसवलेली.

बायको म्हणाली, "ती पट्टी फेकू नका. कैऱ्यांवर दाब ठेवायला बरी आहे."

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी आणि प्रणाली टेम्पो घेऊन दारात उभे. शटर अर्धं वर गेलं तेव्हा मी वाकून आत शिरलो आणि पट्टी काउंटरवर आपटली.

"डब्यावर हजार वॉट, आणि आत लोखंड? लोकांना फसवतोस?"

"अंकल, हळू. मी नाही लिहिलं, कंपनीने लिहिलं."

"विकलं कुणी? खोटा आकडा लिहिलेला माल विकायला लाज नाही वाटत?"

तो शांतपणे माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होता. "टेम्पो तुमचा?"

"माझा. का?"

"वीस हजार वॉट लिहिलंय त्याच्यावर."

मी मागे वळलो. लिहिलं होतं खरं. पिवळ्या रंगात, मागे निळी सावली देऊन, मीच लिहून घेतलेलं. माझे सगळे स्पीकर, सगळे ॲम्प्लिफायर, वर आमच्या घरचा मिक्सर आणि इस्त्री धरली, तरी बेरीज पाच हजारांवर जात नाही.

"ते वेगळं असतं," मी म्हटलं.

"कसं?"

भांडता भांडता गप्प झालेला मी स्वतःला पहिल्यांदाच बघत होतो. प्रणालीने ती शांतता वाया जाऊ दिली नाही. "दादा, तो साडेसहाशेवाला आहे का?"

"आहे. भाव नाही होणार."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी पाकीट काढलं आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिलो. प्रणालीने स्टिकर वाचलं, बारा व्होल्टचा आकडा तपासला, बिलावर वॉरंटी लिहून घेतली. परत येताना टेम्पोत तिने डबा मांडीवर धरला होता. मला उचलायला दिला नाही.

दुपारी स्क्रीनवरची पट्टी सरळ शेवटपर्यंत गेली. पंखे चालू, टीव्ही चालू, फ्रिज चालू (त्यात आता काही नव्हतं).

संध्याकाळी हॉल खचाखच भरला. पडद्यावर तरुण इनास अंकल सायकलला टेकून उभे राहिले आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. मग रोझी आंटींची मुलाखत आली. ह्या माणसाने लग्नाआधी आपल्याला बघायला येताना केळ्यांचा अख्खा घड आणला आणि बोलायचं न सुचल्याने त्यातली निम्मी स्वतःच खाल्ली, असं आंटी सांगत होत्या. लोक एवढे हसले की पुढचं ऐकू येईना. प्रणाली माझ्या बाजूला उभी होती, डोळे पुसत होती आणि पुसत नाही असं दाखवत होती.

पहिल्या रांगेतून इनास अंकल मागे वळले. "अरे, आवाज वाढव! माझी बायको काय बोलते तेच ऐकू येत नाही. वीस हजार वॉट ना तुझे?"

आवाजाचं बटण मी मघाशीच शेवटापर्यंत फिरवून ठेवलं होतं. हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली, दोन बोटांनी बटण धरलं, आणि तोंड गंभीर करून खांदा हळूहळू फिरवला.

"हां," अंकल समाधानाने पुढे वळले. "आता कसं खणखणीत!"